बदामाच्या पिठाचा पिझ्झा बेस दर वेळी मधोमध मोडतो, तळ ओला राहतो: आमच्याकडे काय चुकत होतं

तक्रार एकच होती, पण दर वेळी नवं सोंग घेऊन यायची. पहिल्यांदा बेस कागदावरून उचलतानाच त्याचे दोन तुकडे झाले. पुढच्या वेळी उचलला गेला, पण फोड हातात घेताच टोक लोंबलं आणि टोमॅटो, चीज, सिमला मिरची सगळं भाच्याच्या शर्टावर. तिसऱ्यांदा कडा कोळसा आणि मधोमध शिरा. चौथ्यांदा भाजला बरा, पण खालच्या कागदावर तेलाचा असा डाग की भजी काढून ठेवली होती की काय असं वाटावं. दोन वर्षांत असे ११ बेस केले. दर वेळचं माप, वेळ आणि काय बिघडलं ते वहीत लिहीत गेले, म्हणून आज सांगता येतंय. बदामाचा भाव बघता एकेक बिघडलेला बेस जिवाला लागतो. तुमचीही हीच रड असेल तर मिक्सर लावण्याआधी हे वाचा.

थोडं घरचं सांगते. बहिणीच्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते, म्हणून पोळी, ब्रेड, रवा, शेवया, बिस्किटं सगळं बंद. आम्ही परभणीचे, त्यामुळे रोजच्या जेवणाचं अडलं नाही. ज्वारीत, बाजरीत, तांदळात ग्लुटेन नाही आणि ज्वारी हे तर आमचं रोजचं अन्न. कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणांना गावाचंच नाव आहे. पण ९ वर्षांच्या पोराला वर्गातल्या वाढदिवसाहून येताना भाकरीची आठवण येत नाही, पिझ्झ्याची येते.

ज्वारीचाच बेस का नाही केला, असं मला सगळे विचारतात. केला. तव्यावरून उतरल्या उतरल्या छान लागतो, 20 मिनिटांत पापडी होते. ज्वारीत स्टार्च भरपूर, आणि शिजलेला स्टार्च गार होताना आवळत जातो. सकाळची भाकरी रात्री कडक लागते ती त्यामुळेच. बदामात स्टार्च नावापुरता. १०० ग्रॅम बदामात साधारण ५० ग्रॅम तेल आणि २१ ग्रॅम प्रथिनं असतात. बदामाचं तेल गार झालं तरी पातळच राहतं, त्यामुळे बेस डब्यात नेला तरी मऊ राहतो. गुण आहे तो हा. अवगुणही त्यातूनच निघतात.

विरी नसलेलं पीठ

ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडा फाटतात, उचलताना मोडते. आपण म्हणतो, पिठाची विरी गेली. मग उकळतं पाणी घालून पीठ मळायचं, की ते पुन्हा धरून राहतं. बदामाचं पीठ म्हणजे जन्मापासूनच विरी नसलेलं पीठ समजा, आणि त्याला उकळत्या पाण्याचाही उपाय चालत नाही, कारण फुलायला त्यात स्टार्चच नाही.

गव्हाचं पीठ पाण्यात मळलं की ग्लुटेनचं जाळं तयार होतं. मळाल तितकं ते चिवट होतं, म्हणून पिझ्झ्याची कणीक ताणता येते आणि यीस्टचा वायू आत कोंडला जातो. बदामाच्या पिठात हे जाळं नाही. कितीही मळा, काही होत नाही; उलट हाताच्या उबेने तेल सुटतं. यीस्ट घातलं तर वास येतो, फुगत नाही. मी पहिल्या दोन वेळा यीस्ट घालून तासभर झाकून ठेवलं होतं. झाकण काढलं तर गोळा जसा ठेवला होता तसाच.

तिसऱ्या वेळी गोळा पोळपाटावर लाटत होते. लाटणं फिरवलं की कडा फाटायची, ती जोडली की दुसरीकडे फाटायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या.

“काय करायलीस गं हे?”

“बेस लाटतेय, आत्या.”

“कामून लाटायलीस? ह्याला चिकटाच नाही. थालीपिठासारखं थाप की.”

पिझ्झा त्यांनी त्या दिवसापर्यंत चाखलाही नव्हता, पण पीठ बघून पिठाची जात ओळखली. तेव्हापासून बेकिंग पेपरवर गोळा ठेवते, बोटं पाण्यात बुडवते आणि मधून कडेकडे थापत जाते. कडा फाटली की ओल्या बोटाने मिटवते. जाडी सगळीकडे सारखी, अर्धा सेंटीमीटर किंवा किंचित जास्त. कडा मुद्दाम थोडी जाड ठेवते, कारण आधी जळते ती तीच. एका गोष्टीत मात्र थालीपिठाची नक्कल करू नका, मधे भोकं पाडू नका. बेस तिथूनच तडकतो.

म्हणजे बेस धरून ठेवायचं काम पीठ करणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी करावं लागणार. अंड, इसबगोल, जवस यांपैकी कुणीतरी. आणि ही मंडळी पूर्ण ताकदीने धरतात ती बेस आतपर्यंत नीट तापून सुकल्यावरच. हे कळायला मला सात बेस लागले. आपण पुढे जे काही बिघडलेलं बघणार आहोत, त्यातलं बरंचसं शेवटी इथेच येऊन पोहोचतं: मधला भाग नीट भाजून घट्ट व्हायच्या आत आपण त्यावर सॉस ओतलेला असतो.

आधी पीठ तपासा

घरी बदाम दळत असाल तर अर्धं भांडण इथेच आहे. मी सालं काढायला बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकायचे, सोलायचे, पुसायचे आणि दळायचे. वरून कोरडे दिसायचे, आत ओल असायची. मिक्सर थांबवून बघितलं तर पात्याखाली पीठ नाही, गोळा. चिकट, चमकदार, बोटाला तेल लागणारा. तो लगदा चाळणीतून जाईना, म्हणून तसाच वापरला. चौथ्या बेसखालचं तेलाचं तळं त्याचंच.

आता असं करते. सोललेले बदाम सुती फडक्यावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवते. एक बदाम मोडून बघायचा, कट्‌कन आवाज आला पाहिजे; वाकला किंवा दाताखाली रबरासारखा वाटला तर अजून ओला आहे. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवायचा मोह होतो. वाळतात झकास, पण ऊन खाल्लेले बदाम तसेच मिक्सरमध्ये घातले की तेल सुटलंच म्हणून समजा. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ वर असतो आणि स्वयंपाकघरात ओट्याचा दगडसुद्धा गरम लागतो. त्या दिवसांत वाळलेले बदाम डब्यात घालून तासभर फ्रीजमध्ये ठेवते आणि मग दळते.

दळताना चटणीच्या छोट्या भांड्यात मूठभरच घ्यायचे. ३-४ सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा ३-४ सेकंद. सलग फिरवलं की पात्याच्या उष्णतेने तेल सुटतं, आणि एकदा सुटलेलं तेल परत आत जात नाही. मग रव्याच्या चाळणीतून चाळायचं. वर राहिलेली भरड पुन्हा मिक्सरमध्ये. तिसऱ्या खेपेला जी उरेल ती भाजीत किंवा लाडवात घाला, तिच्या मागे लागू नका.

सालासकट दळलं तरी बेस होतो, पण रंग काळपट, थोडा तुरट आणि कणीदार. नवशिक्याने सोलूनच करावं. महागडे मामरा बदाम यासाठी वाया घालवू नका. त्यांत तेल जास्त, आणि ते भिजवून खायलाच बरे. साधे कॅलिफोर्नियाचे चालतात. दळण्याआधी पाच-सहा बदाम चावून बघा; खवट किंवा कडू लागले तर वरच्या चीजने ती चव झाकत नाही.

विकतचं पीठ आणलं तर पाकिटावर चरबीचा आकडा बघा. १०० ग्रॅममागे ५० च्या आसपास असेल तर ते सरळ दळलेलं. त्याहून बरंच कमी असेल तर तेल काढून घेतलेलं. ते पाणी जास्त पितं आणि खालच्या मापात भुसभुशीत होईल. पीठ कुठलंही असो, हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचं. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

आणि वजनकाटा घ्या. बदामाचं पीठ वाटीत अलगद भरलं तर जेवढं मावतं, त्यापेक्षा दाबून भरलं की कितीतरी जास्त मावतं. माझे दोन बेस नुसते या फरकाने कोरडे होऊन तडकले.

माप

२५ सेंटीमीटरच्या एका बेसला: २०० ग्रॅम पीठ, २ अंडी, सपाट मोठा चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम इसबगोल, अर्धा चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर. तेल अजिबात नाही. बऱ्याच कृतींत दोन चमचे तेल असतं. विकतच्या कोरड्या पिठाला ते चालत असेल, घरच्या पिठाला नको. कोरडं सगळं आधी एकत्र, मग फेटलेली अंडी, आणि चमच्यानेच कालवायचं. गोळा सुरुवातीला सैल आणि चिकट दिसेल. घाबरून पीठ वाढवू नका. १० मिनिटं झाकून ठेवा. इसबगोल ओल ओढून घेतो आणि गोळा हाताला येतो. ही १० मिनिटं मी कित्येकदा चुकवली, कारण पोरगं समोर उभं असायचं.

इसबगोल म्हणजे साधी भुशी. मी एकदा घाईत औषधाच्या दुकानातून संत्र्याच्या चवीचं पाकीट आणलं. त्या दिवशी जे झालं त्याला पिझ्झा म्हणणं कठीण. जास्त घातलाही जात नाही. दोन चमचे पडला की बेस ओल्या रबरासारखा होतो, कितीही भाजा, आत चिकटच.

अंड चालत नसेल तर नुसत्या इसबगोलवर माझं भागलं नाही. बेस उचलला जायचा, पण दाताखाली भुगा. मग लातूरकडून येणारं जवस आठवलं. आपण त्याची चटणी करतो. कच्चं, ताजं दळून पाण्यात घातलं की पाच मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत चिकटा धरतं. शिवाय थोडी ज्वारी. आता श्रावणात आमचा बेस असा असतो: १५० ग्रॅम बदामाचं पीठ, ५० ग्रॅम ज्वारीचं पीठ, २ मोठे चमचे जवसाची पूड, चमचाभर इसबगोल, मीठ आणि बेकिंग पावडर. ज्वारी आणि जवस परातीत घेऊन त्यावर साधारण ११० मिली उकळतं पाणी ओतायचं, उलथन्याने ढवळून झाकायचं. कोमट झालं की बाकीचं घालून हाताने एकजीव करायचं. म्हणजे विरी ज्वारीच्या उकडीकडून उसनी घ्यायची आणि मऊपणा बदामाकडून. साखर किंवा वजनासाठी कुणी स्टार्चच टाळत असेल तर त्यांना हे चालणार नाही, पण ज्याला फक्त ग्लुटेन टाळायचंय त्याला मी हाच सुचवीन. बदामही कमी लागतात. आत्याबाईंना हाच आवडतो. “हे बरंय, जरा जेवल्यासारखं वाटायलंय,” म्हणाल्या.

संध्याकाळी बिघडतो, दुपारी नाही

आता त्या शिऱ्यासारख्या मधल्या भागाची गोष्ट. पीठ सुधारलं, माप बसलं, तरी एक बेस झकास आणि पुढचा कच्चा असं चालूच होतं. तेच माप, तीच २० मिनिटं, १८० अंशांवर. वही उघडून बसले तेव्हा लक्षात आलं की चांगले झालेले तिन्ही बेस रविवारी दुपारचे होते. बिघडलेले सगळे संध्याकाळी ७ ते ९ मधले.

फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर आत येणारा व्होल्टेज दिसतो. त्या संध्याकाळी बघितला: १७८. असायला हवा २३०. ओटीजी म्हणजे घरचा विजेचा छोटा ओव्हन; त्याची सळई म्हणजे साधी तापणारी तार, तिची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १७८ ला २३० ने भागा आणि त्याचा वर्ग करा, ०.६ येतो. म्हणजे माझा १६०० वॅटचा ओटीजी त्या वेळी जेमतेम ९६० वॅटचा होता. बटण १८० वर फिरवल्याने काय होणार? आत थर्मामीटर ठेवून पाहिलं तर २० मिनिटांनी काटा १४० च्या खाली. त्या मंद उबेत अंड हळूहळू धरत होतं, ओल आतच राहत होती आणि बदाम तेल सोडत होता. वरून मी टोमॅटोचा सॉस ओतून मोकळी.

आमची गल्ली लाइनच्या टोकाला आहे. संध्याकाळी सगळ्या घरांचा भार एकदम पडतो, आणि रब्बीत पंप सुरू झाले की आणखी वाईट. त्यावर माझा इलाज नाही, वेळेवर आहे. बेस दुपारीच कोरडा भाजून ठेवते आणि रात्री फक्त वरचं घालून गरम करते. संध्याकाळीच करायचा झाला तर ओटीजी अर्धा तास रिकामा तापवते, गिझर आणि इस्त्री बंद, आणि घड्याळाकडे न बघता थर्मामीटर १८० दाखवील तेव्हाच बेस आत. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर ओटीजी लावायची कल्पना कुणाला सुचली तर तिथेच थांबा, एवढा भार त्याला झेपत नाही.

ओव्हनमध्ये ठेवायचं छोटं थर्मामीटर ही सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत उपयोगी खरेदी. व्होल्टेज चांगला असला तरी ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांचं जमतंच असं नाही. उलटी तक्रार, म्हणजे आत व्हायच्या आधीच कडा काळ्या, ही तापमान जास्त असल्याची. मैद्याचा पिझ्झा २२०-२५० वर भाजतात म्हणून हाही तसाच भाजायला जाऊ नका. बदाम लवकर लाल होतो आणि लालचा काळा व्हायला दोन मिनिटं लागतात.

माझी पद्धत: मधल्या कप्प्यात, वरची-खालची दोन्ही सळी चालू, १८० वर १४ मिनिटं. वरची बाजू कोरडी आणि फिकट बदामी झाली पाहिजे. मग दुसरा बेकिंग पेपर वर ठेवून, त्यावर जाळी धरून बेस उलटा करायचा, आधीचा कागद सोलून काढायचा आणि आणखी ५-६ मिनिटं. मधोमध बोट दाबून बघा. खड्डा तसाच राहिला तर अजून कच्चा, भरून वर आला तर झाला. उलटण्याची ही पायरी बरेच जण गाळतात आणि तळ ओला म्हणून रडतात.

कागदावरून आठवलं. आपण ज्याला सरसकट बटर पेपर म्हणतो त्यातला काही मेणाचा असतो. तो तापला की धूर येतो आणि बेस त्याला चिकटून बसतो. पाकिटावर बेकिंगसाठी, तापमान किती सोसतो, ते लिहिलेलं बघून घ्या.

भाजल्यावर पाच मिनिटं

गरम भाकरी सपाट ताटात ठेवली तर खालून तिला पाणी सुटतं, म्हणून आपण ती दुरडीत ठेवतो किंवा चुलीच्या कडेला उभी करतो. एवढं कळणारी मी, बेस मात्र ओटीजीतून काढून थेट स्टीलच्या ताटात ठेवत होते. वाफ खाली कोंडायची, तळ पुन्हा ओला. आता जाळीवर. पाच मिनिटं हातही लावायचा नाही. गरम असताना बेस सगळ्यात नाजूक असतो, थोडा निवला की धरतो. पहिले दोन बेस मोडले ते अर्धे माझ्या उतावळेपणाने.

वरचा ओलावा

हे थोडक्यात. सॉस इतका आटवा की कढईत चमच्याने रेघ ओढली तर ती तशीच राहावी. बेसवर पातळ थर, दोन-तीन चमचे पुरे. सिमला मिरची, कांदा, मशरूम आधी तव्यावर मोठ्या आचेवर परतून पाणी उडवून घ्या. टोमॅटोच्या चकत्या घालायच्याच असतील तर बिया काढून, मीठ लावून, फडक्यावर ठेवून. चीज कोरडं किसलेलं. पाण्यात भिजवलेल्या मऊ मोझरेलाने माझा एक चांगला बेस बुडवला. आधी चीजचा हलका थर, मग सॉस, मग पुन्हा चीज असं केलं तर सॉसचं पाणी बेसपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मग २०० वर ६ ते ८ मिनिटं, चीज वितळेपर्यंतच.

आणि ढीग लावू नका. नुसत्या २०० ग्रॅम बदामाच्या पिठात ११०० च्या वर कॅलरी असतात. चार तुकडे केले तर चीज घालण्याआधीच एकेकात जवळपास ३०० होतात. भाचा दोन तुकड्यांत गार पडतो, मी एकात.

वीज गेली तर

जाड लोखंडी तवा, अगदी मंद आच, तव्याखाली आणखी एक जुना तवा. बेस कागदासकट ठेवा, वर खोलगट झाकण, ७-८ मिनिटं. झाकणाला आतून साठलेलं पाणी मधेमधे पुसा, नाहीतर तेच थेंब बेसवर पडतात. कागद ज्योतीपर्यंत जाणार नाही असा तव्याच्या आत कापून घ्या. मग ताट पालथं घालून उलटा, कागद काढा, दुसरी बाजू झाकण न ठेवता ४-५ मिनिटं. ओटीजीसारखा रंग येत नाही, पण मोडत नाही.

सिलिअ‍ॅकसाठी करत असाल तर

बेस कितीही छान होवो, आत गव्हाचा कण गेला तर सगळं फुकट. आमची पहिली चूक गिरणीची. ज्वारी चोख होती, पण गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले. आता ज्वारीसाठी घरघंटी आहे आणि तिच्यात गहू कधीच जात नाही. पोळपाट-लाटणं भाच्याचं वेगळं. जुन्या लाकडात कणीक बसलेली असते, धुऊन जात नाही. चाळणीही वेगळी, तिच्या जाळीत पीठ अडकून राहतं. बाजारातला खडा नसलेला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात कालवलेला असतो, तो सॉसमध्ये नको. तयार सॉस, पिझ्झ्यावर भुरभुरायचे मसाले, बेकिंग पावडर, किसलेलं चीज, सगळ्यांची पाकिटं वाचा. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन असावं लागतं. तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या. घरी येणाऱ्या पोरांत कुणाला बदामाची अ‍ॅलर्जी आहे का, हेही आधी विचारा.

घरात कुणाला नुसती शंका असेल तर गहू आपल्या मनाने बंद करू नका. सिलिअ‍ॅक ओळखायची टीटीजीची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करायची असते, नाहीतर आजार असूनही ती कोरी येऊ शकते. डॉक्टरांनी बहिणीला हे बजावून सांगितलं होतं, आणि बरं झालं सांगितलं, कारण ती दुसऱ्याच दिवसापासून पोळी थांबवणार होती.

शिल्लक बेस

कोरडे भाजलेले बेस गार करून, मधे कागद घालून, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. आता दिवाळीला बहीण यायच्या आधीच मी तीन करून ठेवते. फ्रीझरमधून काढलेला बेस मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, पहिल्या दिवसाचा तो ओला तळ परत येतो. तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, आणि मगच सॉस.